चौदा पानी मदत

आमच्या घरात एक भाषा होती आणि ती जगात फक्त तीन माणसांना येत होती: अक्काला, मला आणि धाकट्याला. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तीन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. कळवणजवळच्या आमच्या खेड्यात बहिऱ्या मुलीसाठी शाळा नव्हती आणि तिच्याशी बोलायला मोठ्या माणसांना सवड नव्हती. मग आम्ही दोघे भाऊ जन्मलो आणि तिघांची मिळून हातांची एक भाषा होत गेली. मीठ म्हणजे अंगठा आणि बोट चोळायचं. नाशिक म्हणजे एस.टी.चं भलंमोठं स्टिअरिंग फिरवायचं. धाकटा म्हणजे बोटांच्या पेरांनी हवेत दोनदा टकटक, कारण तो दिसेल त्या डब्यावर ठोकत बसायचा. मी म्हणजे नाकावरचा चष्मा वर सरकवणं. चष्मा लागायच्या आधी मी कोण होतो ते मला आठवत नाही. अक्काला आठवत असेल.

अक्काचं लग्न झालं नाही. ती माझ्याकडे नाशिकला आली आणि राहिली. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीने दाखवण्याचा पगार घेतला. त्यात गौरवग्रंथ पुष्कळ असत. माणूस जिवंत असताना त्याच्याबद्दल किती खोटं छापता येतं ते मी जवळून पाहिलंय, आणि तेव्हापासून शाल, श्रीफळ आणि मोठ्या अक्षरांतला शब्द दिसला की मी चार पावलं मागे सरतो. हा गुण आहे अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती.

धाकटा सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन ऑस्ट्रेलियात मुलाकडे गेला, सहा महिन्यांसाठी म्हणून. तिथेच त्याच्या पोटातलं दुखणं सापडलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. अक्काला इकडून नेणं तिच्या गुडघ्यांमुळे शक्य नव्हतं. तेव्हा रोज सकाळी दहा वाजता, तिकडे दुपार असताना, ती दोघं कॉम्प्युटरवर बोलायची.

फोनवर का नाही, असं पुष्कळांनी विचारलं. फोन एका हातात धरावा लागतो आणि आमच्या भाषेला दोन्ही हात लागतात. एकदा वीज गेली होती तेव्हा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून पाहिला. अक्काचे दोन्ही डोळे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. त्या एवढ्याशा चौकोनात धाकट्याची बोटं तिला दिसेनात. ती घाबरली. तो इतका बारीक झाला का, असं तिने मला तीनतीनदा विचारलं.

धाकट्याने जायच्या आधीच ही सोय करून ठेवली होती. लॅपटॉप, त्याला जोडलेला मोठा पडदा, वर कॅमेरा, आणि अक्काची खुर्ची कुठे ठेवायची त्यासाठी फरशीवर खडूची खूण. ‘चालू मशीनला हात लावायचा नाही,’ हा कारखान्यातला नियम त्याने मला हातांनी बजावला आणि पुन्हा तोंडाने सांगितला. ‘दादा, तू वाचतोस फार. पण याला हात लावू नकोस.’

रोज दहाला अक्का केसांना तेल लावून, धुतलेलं पातळ नेसून खुर्चीवर बसायची. नुसती बोलायची नाही, रोज एक वस्तू दाखवायची. वाकडी शेंग, शेजारच्यांच्या लग्नाची पत्रिका, तुटलेल्या चपलेचा अंगठा. मग त्या वस्तूवरून गोष्ट. तो पलंगावर उशांना टेकून बघायचा आणि मधेच असं काही बोटांनी म्हणायचा की अक्का मोठ्याने हसायची. स्वतःचं हसू तिला ऐकू येत नाही, त्यामुळे ते कधी लहान झालं नाही. खालच्या मजल्यावरची माणसं म्हणायची, लागला वाटतं फोन.

महिनाभर त्या पडद्यावर एक चौकट येत होती. नवी आवृत्ती तयार आहे. अधिक सुंदर, अधिक सुरक्षित, खास आपल्यासाठी. एखाद्या सत्काराच्या निमंत्रणासारखी तिची भाषा होती आणि एरवी मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण ती येऊन बसायची ती नेमकी धाकट्याच्या हातांवर. ‘नंतर’ म्हटलं की जायची, आणि दहा मिनिटांनी परत. अक्का चिडायची, पडद्यासमोर हात हलवून माशी हाकलल्यासारखं करायची. एका रविवारी दुपारी मी ‘आत्ता’ दाबलं.

बायको पलीकडे तांदूळ निवडत होती. ‘भाऊजींनी नाय सांगितलं होतं ना हात लावायला?’

‘वाचून दाबलंय.’

‘वाचून काय, मी पण वाचते. सिलिंडरवर पण लिहिलेलं असतं.’

बायको घोटीकडची. चाळीस वर्षं नाशकात राहूनही तिने आपलं ‘नाय’ सोडलेलं नाही आणि माझं कौतुक करायला सुरुवात केलेली नाही.

संध्याकाळपर्यंत तो पडदा आपल्याच थोरवीचे फलक दाखवत राहिला. आपले स्वागत आहे. आता सगळं काही अधिक सोपं. सगळं संपल्यावर पाहतो तर वायफायची खूण नाही. बंद पडली होती असं नाही, ती तिथे नव्हतीच. जणू या यंत्राला तसं काही कधी नव्हतंच. राउटरचे हिरवे दिवे व्यवस्थित लुकलुकत होते, फोनवर सगळं येत होतं. तार थेट लावावी म्हटलं तर लॅपटॉप इतका सडपातळ की तसं भोकच त्याला नव्हतं.

सोमवारी सकाळी फोनवर शोधलं तेव्हा त्या कंपनीचं मदतपत्र सापडलं, तेही मराठीत. फोनवर बारीक अक्षर वाचवेना म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. चौदा पानं. घरी आलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि अक्का खडूच्या खुणेवर खुर्ची सरकवत होती. मांडीवर एक वांगं होतं, तीन नाकं असलेलं.

अर्ध्या तासात होईल असं मला खरंच वाटलं. मी तिला हातांनी सांगितलं, तो झोपलाय. डॉक्टर म्हणाले, झोपू द्या.

आमच्या भाषेत खोटं बोलायची सोय नव्हती असं मी म्हणणार नाही. लहानपणी गूळ कुणी खाल्ला यावर आम्ही पुष्कळ खोटं बोललोय. पण म्हातारपणी ते पहिलंच होतं. तिने मान डोलावली, वांगं टेबलावर ठेवलं आणि उठली.

मग तिकडे धाकट्याच्या बायकोला फोनवर संदेश पाठवला: अक्काला जरा सर्दी-ताप आहे, आज बोलणं नको. मशीन बिघडलं असं लिहिलं असतं तर धाकट्याला कळलं असतं की मी हात लावला. पलंगावर पडून तो दोन बोटं डोक्याला लावेल, आमच्याकडे त्याचा अर्थ ‘वाचून वाचून गेला हा’ असा आहे, आणि अक्का हसेल. ते मला नको होतं. एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर लिहायला बरं वाटलं असतं.

मदतपत्र मी माझ्या पद्धतीने हाती घेतलं. मुद्रितशोधक ओळ गाळत नाही. पान चाळून पुढे काय आहे ते पाहणं हा आमच्या धंद्यात आळस समजतात. डोळा पुढे धावला की हातची चूक निसटते. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, प्रत्येक पायरी करून पाहिली आणि झाली की समासात लाल खूण. यंत्र बंद करून चालू करा. विमानातली सोय चालू करून बंद करा. राउटर तीस सेकंद बंद ठेवा. मी घड्याळ लावून तीस सेकंद मोजले.

आणि ते मराठी! कुठल्यातरी यंत्राने केलेलं भाषांतर. ‘आपला चालक जुना झाला असल्यास त्याला काढून टाका.’ ‘नेटवर्कला विसरण्याचा प्रयत्न करा.’ मला राहवेना. मी समासात दुरुस्त्या करत गेलो. वाक्यं सरळ केली, अनुस्वार दिले. पाचव्या पानावरचा एक परिच्छेद तर नीट लिहून काढला. सोमवारची दुपार त्यात गेली. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मंगळवारी सकाळी अक्का पुन्हा बसली. हातात आणखी एक लग्नपत्रिका होती.

‘अजून झोपलाय?’

‘झोपलाय. झोप चांगली असते.’

तिने बंद पडद्याकडे बोट दाखवलं. मग विचारलं, ‘तो माझ्याबद्दल विचारतो का?’

‘झोपेत कसा विचारेल?’ मी म्हटलं. तिला पटलं. पत्रिका वांग्याशेजारी ठेवून ती गेली.

बायकोला आमच्या भाषेतल्या तीनच खुणा येत: चहा, मीठ, आणि ‘हे चिडलेत’. पण तिला चेहरे वाचता येतात. ती स्वयंपाकघरातून आली आणि दारात उभी राहिली.

‘काय सांगितलंत त्यांना?’

‘मशीन दुरुस्त होतंय.’

‘मशीनची खूण करता येत नसली तरी रोज बघते ना मी? खिडकी उघडतात तशी. ती तुम्ही केली नाय.’

‘आज होईल.’

‘ते काय नाय, दुकानात न्या. कॉलेज रोडला एक आहे, भाच्याचा तिथंच नीट केला.’

ते दुकान मी पाहिलं होतं. दारावर काचेत उजेड सोडलेली पाटी होती: ‘सर्व डिजिटल समस्यांचे तज्ज्ञ समाधान’. मी म्हटलं, जो स्वतःला तज्ज्ञ म्हणवतो त्याच्याकडे मी जात नाही. बायको म्हणाली, ‘आणि जो म्हणवत नाय तो घरात बसून लाल पेन्सिल फिरवतोय.’

मंगळवारी मी सातव्या पानापर्यंत पोहोचलो. त्यात सांगितल्याप्रमाणे मी ‘चालक’, म्हणजे वायफाय चालवणारा यंत्रातला प्रोग्राम, काढून टाकला आणि नवा आपोआप येण्याची वाट पाहिली. तो इंटरनेटवरून येणार होता, आणि इंटरनेट नव्हतं म्हणून तर हे सगळं चाललं होतं. हा विनोद मला तेव्हाही कळला. धाकट्याच्या बायकोचा संदेश आला: अक्का कशा आहेत? हे सारखं विचारतात. मी लिहिलं, ताप उतरतोय.

बुधवारी दहाला अक्काने काही विचारलं नाही. टेबलावर एक विणलेली टोपी आणून ठेवली. धाकट्याचे केस गेले होते, त्याच्या मापाची, राखाडी. वांग्याची नाकं सुरकुतायला लागली होती. ती खुर्चीवर बसून राहिली. साडेदहा झाले, अकरा झाले. मी लाल पेन्सिल ठेवून दिली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि चौदा पानं घेऊन कॉलेज रोडला गेलो.

दुकानात पन्नाशीच्या एक बाई होत्या. कपाळावर भिंगाचा चष्मा, हातात एक उघडलेला लॅपटॉप. तज्ज्ञ त्याच. मी सगळं क्रमाने सांगायला लागलो तर त्यांनी हात पुढे केला.

‘काका, कागद बघू.’

त्यांनी पानं पत्त्यांसारखी पुढे सारली. लाल खुणा पाहून भुवया वर गेल्या.

‘शिक्षक होता का तुम्ही?’

‘मुद्रितशोधक.’

‘छान केलंय. मराठी सुधारलंय.’ त्या नवव्या पानावर थांबल्या. ‘हे नाही का केलं?’

‘अजून तिथे पोहोचलो नव्हतो.’

‘फोन आहे ना तुमच्याकडे? चार्जिंगची वायर?’ वायर पिशवीत होती. त्यांनी एक टोक फोनला लावलं, दुसरं लॅपटॉपला, फोनमध्ये एक बटण सरकवलं, आणि फोनचं इंटरनेट त्या वायरीतून कॉम्प्युटरमध्ये आलं. ‘आता हा लॅपटॉप नवा चालक आपोआप उतरवून घेईल. पण तसं नसतं केलं तरी या वायरीवर तुमचं सगळं चाललं असतं. बोलणं, बघणं, सगळं. ही वायर कुठून आणली?’

‘घरचीच आहे.’

‘मग रविवारपासून घरात होतीच की.’

त्या हे टोचून बोलल्या नाहीत. त्या मान खाली घालून पुढच्या कामाला लागल्या होत्या. दहा मिनिटांत खूण परत आली, कोपऱ्यात, पंख्यासारखी उघडलेली.

घरी येऊन लॅपटॉप पडद्याला जोडला तेव्हा तीन वाजले होते. तिकडे संध्याकाळ उलटून गेलेली. मी फोन न करता सरळ पडद्यावरून हाक दिली. अक्का धावत आली म्हणावं तर तिला धावता येत नाही. पण टेबलाला धरून ती ज्या वेगाने आली तो मी पूर्वी पाहिला नव्हता.

पडद्यावर दुसरीच खोली होती. पांढऱ्या भिंती, मागे यंत्रं. धाकटा आडवा होता, उशा नव्हत्या. डोळे उघडे. हात चादरीवर, दोन्ही सुजलेले, एकात सुई आणि वर पट्ट्या.

त्याच्या बायकोने कॅमेरा त्याच्यासमोर धरला होता. ‘काल संध्याकाळी इन्फेक्शन झालं, दादा. रात्रीतून इथं आणलं. तुम्हाला कळवणार होते, पण अक्कांना ताप, म्हटलं कशाला...’

अक्काने हवेत दोनदा टकटक केली. त्याचे डोळे हलले, तिच्यावर आले, थांबले. हात हलला नाही. तिने पुन्हा टकटक केली. मग तिने वांगं उचललं, एकेक नाक बोटाने दाखवलं आणि गोष्ट सांगितली. पत्रिका दाखवली. टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून दाखवली. तो पाहत होता. मध्येमध्ये ती थांबायची, त्याच्या बोलण्यासाठी जागा सोडायची, आणि त्या जागेत तिची नजर त्याच्या हातांवर असायची.

‘काल दुपारपर्यंत हात चालत होते हो,’ त्याची बायको म्हणाली. ‘दोन्ही दिवस तुमच्या दहाला बसवायला लावलं. अक्का येणार नाहीत म्हटलं तरी. काल तर एकच काहीतरी सारखं करत होते, अक्कांना सांग म्हणून. मला कुठं येतं? मी आपलं बघून ठेवलंय.’

तिने कॅमेरा मुलाच्या हाती दिला आणि करून दाखवलं. डावा तळवा वर, उजव्या हाताची बोटं त्यावरून सरकत छातीकडे, मग काहीतरी उघडल्यासारखं.

न येणाऱ्या लिपीतलं अक्षर कुणी नक्कल करून काढावं तसं ते होतं. सगळं होतं आणि काहीच नव्हतं. अक्काने पुन्हा कर म्हणून खूण केली. तिने पुन्हा केलं, या वेळी बोटं उलटी. अक्काने माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं. तिसऱ्यांदा ती बिचारी रडायलाच लागली.

डोळे पुसून तिने अक्काला बरं वाटावं म्हणून आपल्या परीने एक खूण केली. कपाळाला हात लावला, नाक शिंकरल्यासारखं केलं आणि मान हलवून विचारलं: तुमचा ताप गेला ना?

अक्का सावकाश माझ्याकडे वळली.

पडदा बंद झाल्यावर तिने विचारलं, ‘मी आजारी आहे असं त्याला कुणी सांगितलं?’

मी नाकावरचा चष्मा वर सरकवला.

मग सगळं सांगितलं. चौकट, रविवार, चौदा पानं, वायर. या गोष्टींना आमच्याकडे शब्द नव्हते. मी खिडकी उघडत होतो, मिटत होतो, हवेत कागद उलटत होतो. तिने शेवटपर्यंत पाहिलं. मधे एकदाही नजर काढली नाही. माझं संपल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले, खाली माझ्या मांडीवर नेऊन ठेवले आणि थोडा वेळ तसेच दाबून ठेवले. लहानपणी वडील भाषण ऐकत असले आणि आम्ही चुळबुळ केली की आई असं करायची.

शुक्रवारी धाकटा गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आमच्या कॉलनीच्या विहारात झाला. वंदना झाली, मग भाषणं. एका स्थानिक नेत्याने धाकट्याला ‘चळवळीचा खंदा पाईक’ म्हटलं. धाकटा कुठल्याही सभेत पाच मिनिटांवर टिकला नव्हता. नेत्याने त्याचं वय चुकवलं, कारखाना चुकवला आणि आवाज चढवून त्याच्या अधुऱ्या स्वप्नांकडे वळला. अशा भाषणांना आम्हा भावंडांत एक खूण आहे: रिकामा पेला तिरपा करून पाणी ओततोय असं दाखवायचं. अर्ध्या तासाचं भाषण मी एवढ्यात उरकायचो आणि अक्का भर सभेत मोठ्याने हसायची. साठ वर्षांत एकही कार्यक्रम असा गेला नसेल की तिने मला ‘काय म्हणतोय?’ विचारलं नाही.

ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. माझा हात मांडीवर तिरपा झालेला तिला कडेने दिसला असणार. तिने नेत्याच्या तोंडाकडे पाहत ते सगळं भाषण बसून काढलं.

याला आता चार महिने झाले. ती माझ्याशी भांडलेली नाही. चहा ठेवते, माझं औषध समोर सरकवते. मी काही बोलायला हात उचलले की डोळे मिटते. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की दुसरं दार नसतं.

पण अलीकडे ती माझ्या बायकोला शिकवते. दुपारी ओट्याशी दोघी उभ्या असतात. पहिल्या दिवशी बायको मला म्हणाली, ‘पाऊस, भाकर आणि थकले, एवढं आलं. उद्या माणसं शिकवणार हायेत.’ मी विचारलं, माझी खूण शिकवली का? ती भांडं घासत राहिली. ‘अजून तिथपर्यंत पोचलो नाय,’ म्हणाली.

सकाळी दहाला अक्का आता आपल्या खाटेवर बसते, खिडकीकडे तोंड करून. डावा तळवा वर धरते आणि उजव्या हाताची बोटं त्यावरून छातीकडे नेते. मग थांबून बघते. एक बोट मिटून पुन्हा करते. मग दोन बोटं मिटून. मग तळवा उलटा करून. प्रत्येक पाठ तपासते, नाही म्हणून मान हलवते आणि पुढचा घेते. छापखान्यात हे काम दोघांचं असतं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रत पाहायची. मला त्यातल्या एकदोन जागा सुचल्यात. छातीकडे येणारी बोटं लहानपणी आम्ही ‘घरी ये’साठी करायचो, पण तेव्हा तळवा खाली असायचा.

काल मी ते सांगायला दारात उभा राहिलो. माझी सावली खाटेवर पडली तसे तिचे हात थांबले. तिने वळून पाहिलं नाही. मी दारातून हललो तेव्हा ते पुन्हा चालू झाले.